देखण्या चाळीस

थोरली बसमधून उतरली तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं तिला कळलं. सकाळचे साडेआठ म्हणजे अंड्यांची वेळ. या वेळेला तिच्या कोंबड्या असा काही गलका करायच्या की सायकलच्या दुकानापासूनच तो ऐकू यायचा. अंडं घातलं की कोंबडी गप्प बसत नाही, साऱ्या गल्लीला सांगून मोकळी होते. आज गल्लीत फक्त सायकलवाल्याचा रेडिओ वाजत होता. थोरलीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पाय उचलले.

चार दिवस ती माहेरी होती. आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि शुद्धीवर आल्यावर म्हातारीने पहिला प्रश्न केला तो असा, की तू इथे, मग तुझ्या कोंबड्यांकडे कोण बघतंय? निघताना थोरलीने धाकटीला, म्हणजे आपल्या जावेला, शेडची किल्ली दिली होती आणि काय काय करायचं ते तीन-तीनदा सांगितलं होतं. दिराला काहीच सांगितलं नव्हतं. दिराला काही सांगायची सोय नव्हती, कारण त्याला सगळं आधीच ठाऊक असायचं.

फाटक ढकललं आणि ती जागच्या जागी थांबली. अंगणात प्लास्टिकची सात जाळीदार खोकी ओळीने मांडलेली, आणि त्यांत कोंबड्या कोंबलेल्या. एकेकात दहा. उभं राहायला जागा नाही म्हणून बसलेल्या, चोची उघड्या टाकून धापा टाकणाऱ्या. एकीची पाठ उघडी पडलेली, एकीच्या शेपटीची नुसती खुंटं उरलेली, पाय पांढुरके, चोची पांढुरक्या. कुणा परक्याने पाहिलं असतं तर म्हणाला असता, बरं झालं, रोगट माल निघाला. थोरलीने पाहिलं ते वेगळंच. ही तिची सगळ्यांत चांगली पाखरं होती. नंबर न बघता तिने ओळखली. आठ, तेवीस, एकतीस, चव्वेचाळीस.

आत शेडमध्ये, जाळीपलीकडे, चाळीस कोंबड्या ऐटीत फिरत होत्या. तकतकीत तांबडी पिसं, पाय हळदीसारखे पिवळे, अंगाने गुबगुबीत. दिसायला एकेक अशी की कॅलेंडरवर छापावी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती का गेली हे कळायला थोडं मागे जावं लागेल. या घरात कोंबड्या आल्या त्या अकरा वर्षांपूर्वी, आणि आल्या त्या सासऱ्यांच्या हौसेने. सासरे सुतार. मोठी वस्तू म्हणजे चांगली वस्तू, असा त्यांचा सरळ हिशोब. म्हणून त्यांनी आणली ती सगळ्यांत थोराड जात, पायांवरसुद्धा पिसं असलेली. मोठी कोंबडी, मोठं अंडं! त्या पैलवानांनी वर्षभर दाणा असा हाणला की विचारू नका, आणि अंडी दिली आठवड्याला दोन, तीही बेताची. कोंबडीच्या आकाराचा आणि अंड्याच्या आकाराचा संबंध आपण समजतो तितका नसतो, हे थोरली तिथे शिकली. सासऱ्यांनी हौसेवर पाणी सोडलं आणि ते पुन्हा रंध्याकडे वळले. कोंबड्या थोरलीच्या गळ्यात पडल्या. नवरा ट्रकवर, महिन्यातून पाच दिवस घरी. तिला विचारायला कुणी नव्हतं आणि अडवायलाही.

मग तिने पांढऱ्या आणल्या, लेगहॉर्न. त्या जातीला नावं ठेवील त्याची जीभ झडेल. खाणं थोडं, अंडी भरपूर. पण अंगाने हलक्या, स्वभावाने भित्र्या. भांडं पडलं तरी उडून शेजारच्या छपरावर. आणि अंड्यावर बसणं त्यांच्या रक्तातच नाही. मग तांबड्या आणल्या, ऱ्होड आयलंड. दणकट, शांत, तपकिरी अंड्याच्या. त्यांच्यावर एक काळा कोंबडा सोडला. त्या पिल्लांतून निवडलं, पुन्हा जोडलं, पुन्हा निवडलं. दरवर्षी शंभर वाढवायच्या आणि त्यांतल्या वीस जणींच्याच अंड्यांतून पुढची पिढी काढायची. अकरा वर्षांनी तिच्याकडे जी कोंबडी उभी राहिली तिला नाव नव्हतं, पण ती आठवड्याला सहा अंडी द्यायची आणि एकेक अंडं साठ ग्रॅमच्या आतबाहेर. चौकातली बेकरीवाली तर दुसऱ्या कुणाचं अंडं हातात धरायची नाही. तिचे केक अंडी मोजून होतात, वजन करून नाही. अंडं लहान निघालं की केक बसला.

हे सगळं अंदाजाने झालं नव्हतं. थोरलीने सासऱ्यांकडून चोवीस खोकी करून घेतली होती. कोंबडी अंडं घालायला आत शिरली की मागे फळी पडते आणि ती अडकते. मग कुणीतरी जाऊन तिला काढायचं, पायातल्या कडीवरचा नंबर बघायचा, तोच नंबर पेन्सिलीने अंड्यावर लिहायचा आणि अंडं काट्यावर ठेवायचं. दिवसातून सहा वेळा. जेवताना उठून, न्हाताना डोक्यावर तसाच साबण ठेवून, तापात फणफणत. अकरा वर्षं या घराने नंबर लिहिलेली अंडी खाल्ली होती. पाहुणे हसायचे, हसोत बापडे.

आणि आता दीर कडेला उभा राहून खोक्यांना सुतळी बांधत होता.

"आलात का, वहिनी?" तो म्हणाला. "आई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. हे काय चाललंय, भाऊजी?"

"तुम्हाला खुशखबर द्यायची म्हणून थांबलो होतो. शनिवारी तीनशे पांढरी पिल्लं येतायत. कंपनीची, संकरित. त्यांचे सल्लागार स्वतः येऊन शेड बघून गेले. बाबांनी हो म्हटलंय. जागा करायला हवी, म्हणून तुमच्यातल्या चाळीस चांगल्या ठेवल्या, बाकीच्या कोंबडीवाला नऊ वाजता घेऊन जाईल. तुमचं मन मोडू नये म्हणून चाळीस ठेवल्या हं. सल्लागार तर म्हणत होते, सगळ्याच काढा."

दीर कुक्कुटपालनाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला होता. त्याला प्रमाणपत्र मिळालं होतं आणि त्याने ते काचेत मढवून घेतलं होतं. त्याआधी त्याने मधमाश्यांचं तीन दिवसांचं घेतलं होतं, त्याच्या आधी अळंबीचं. माणूस मुळात वाईट नव्हता. पण चौथा दिवस काही त्याच्या आयुष्यात उगवत नसे.

"चाळीस चांगल्या," थोरली म्हणाली. "कुणी निवडल्या?"

"मीच. एकेक हातात घेऊन. तब्येत बघून." त्याने एका खोक्यावर थाप मारली. आतली कोंबडी दचकली. "ही बघा ना, अंगावर पिसं नाहीत. पायांचा रंग उडालाय. पार संपलेली आहे. आणि त्या आतल्या बघा. तजेला बघा!"

थोरलीने पिशवी जमिनीवर ठेवली. पदर खोचला, वाकली, आणि सुतळीची गाठ सोडायला लागली.

"अहो वहिनी, काय करताय? आत्ता बांधलंय मी!"

"बांधलंत ना? आता मी सोडते."

आवाज ऐकून सासरे पडवीतून बाहेर आले. कानाला पेन्सिल, बाहीवर भुसा. या घरात त्यांचा शब्द शेवटचा असे, आणि तो ते क्वचित वापरत, त्यामुळे त्याला धारही असे. थोरलीने लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता.

"सूनबाई, मी हो म्हटलंय," ते म्हणाले. "माणूस शहरातून आला, सगळं बघून गेला. आता मागे फिरणं बरं दिसत नाही."

"तुम्ही म्हटलंत, बाबा. मला कुणी विचारलं?"

"तू इथे नव्हतीस."

"फोन होता. आईच्या उशाशी चार दिवस फोन घेऊनच बसले होते. भाऊजींनी दोनदा केलासुद्धा. दाण्याचं पोतं कुठे ठेवलंय ते विचारायला."

दिराने खोक्याकडे बघितलं. सासऱ्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. थोरलीचा आवाज थरथरत होता, पण ती भ्याली म्हणून नव्हे. एवढा राग एवढ्या लहान गळ्यातून बाहेर काढायची तिला सवय नव्हती, इतकंच.

"बाबा, हात द्या तुमचा," ती म्हणाली.

"काय?"

"उजवा हात. तुम्ही फळीची जाडी बोटांनी मोजता ना? मग ही मोजा."

तिने पहिल्या खोक्यातून तेवीस नंबर काढली. कोंबडी काखेत उलटी धरली, डोकं मागे, शेपटी पुढे. शेपटीखाली दोन पातळ हाडं असतात, समोरासमोर. अंडं त्यांच्यामधून बाहेर येतं. तिने सासऱ्यांची बोटं त्या हाडांमध्ये टेकवली. पन्नास वर्षं लाकूड चाचपलेली बोटं. त्यांना खोटं सांगता येत नव्हतं.

"किती?"

"तीन," सासरे म्हणाले. "सैल तीन."

"लक्षात ठेवा." तिने तेवीसला अंगणात सोडलं. कोंबडीने अंग झाडलं आणि लगेच माती उकरायला लागली. थोरली तशीच शेडमध्ये शिरली आणि दिराच्या चाळिसांतली एक धरून आणली. ती हातात येईना, एवढी भरलेली. "आता ही."

सासऱ्यांनी हात घातला. जरा घुटमळले. पुन्हा घातला.

"एक," ते म्हणाले. "एकसुद्धा नीट नाही."

"दीड महिना झाला, हिने अंडं घातलेलं नाही. म्हणून हिचे पाय पिवळे. अंड्याच्या बलकाला रंग कुठून येतो, भाऊजी? कोंबडीच्या अंगातूनच जातो ना तो. आधी चोचीतला, मग पायांतला. जी रोज घालते तिचे पाय पांढरे पडतात. पिसांचं तेच. जी काम सोडून बसते तिला नवी पिसं घालायला वेळ मिळतो. जी घालतच राहते तिची पिसं झिजतात, तुटतात, आणि ती तशीच खोक्यात शिरते. खाल्लेलं त्यांनी अंगावर नाही घातलं, अंड्यात घातलं. आणि तुम्ही काय केलंत? सगळ्यांतून आळशी तेवढ्या वेचून काढल्यात, त्यांना गादीवर बसवलंत आणि राबणाऱ्यांना सुरीखाली घातलंत! डोळे मिटून निवडल्या असत्यात तरी एवढी चूक झाली नसती. त्यातल्या निम्म्या तरी बऱ्या निघाल्या असत्या."

दिराचे कान लाल झाले. "एखाद-दुसरीचं असेल तसं," तो म्हणाला. "आणि हे बघा, आता हा प्रश्नच राहत नाही. कंपनीची पांढरी वर्षाला तीनशेच्या वर घालते. अंडंही मोठं. तुम्हीच म्हणता ना, पांढरी जात चांगली?"

"चांगलीच आहे. मी कुठे नाही म्हणते? पण तिची पिल्लं तिच्यासारखी निघत नाहीत. संकरित आहे ती. दीड वर्षाने ती संपली की पुन्हा त्याच कंपनीच्या दारात. मग ते देतील ते घ्यायचं, सांगतील ते खायला घालायचं. माझ्या हातात काय उरलं? नुसतं झाडायचं?"

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो येऊन थांबला. कोंबडीवाला उतरला; लुंगी, कानावर विडी, चेहरा सदा हसरा. अंगणातलं नाटक पाहून तो आत यायचा थांबला आणि फाटकाच्या खांबाला टेकून उभा राहिला. घाई त्याला कधीच नसे.

"येऊ का नंतर?" त्याने विचारलं.

"थांबा," थोरली म्हणाली. "सत्तर न्यायला आलात ना?"

"हो. पण खरं सांगू का बाई, माल काही दमदार दिसत नाही. नुसती हाडं. त्या आतल्या दिल्यात तर बघा. त्या झकास आहेत."

"ऐका, भाऊजी," थोरली म्हणाली. "ह्यांनी एका नजरेत ओळखलं, कुठल्या मांसाच्या आणि कुठल्या नाहीत. ह्यांचं तर तीन दिवसांचंही झालेलं नाही."

कोंबडीवाला खूश होऊन हसला. दीर हसला नाही. सासऱ्यांनी घसा खाकरला. त्यांची बोटं अजून एकमेकांवर घासत होती, मघाची ती जाडी आठवत असावीत. माणूस न्यायी होता, पण दिलेला शब्द गिळायचा म्हणजे त्यांना जड जाई.

"असं करू," ते म्हणाले. "या सत्तरांतल्या वीस ठेवू, त्या चाळिसांतल्या वीस ठेवू. पांढरीही येऊ देत. सगळ्यांचंच थोडं थोडं राहील. कुणी दुखावायला नको."

हे ऐकायला फार गोड होतं. गेली अकरा वर्षं थोरली अशाच गोड तोडग्यांवर हो म्हणत आली होती. शेडचा अर्धा भाग मधमाश्यांच्या पेट्यांना, बरं. पावसाळ्यात अळंबीच्या पिशव्या कोंबड्यांच्या डोक्यावर, बरं. दर वेळी कुणी दुखावलं नव्हतं, म्हणजे तिच्याखेरीज कुणी नाही.

"नाही," ती म्हणाली.

"सूनबाई..."

"नाही, बाबा. त्या वीस आळशांची अंडी उद्या उबवली की दोन वर्षांत सगळी शेड तशीच. पाण्यात थोडं रॉकेल, असं करता येत नाही. मला अर्धं नको. या सगळ्या राहतील आणि त्या चाळीस जातील. आज, याच टेम्पोतून. आणि हे पटत नसेल तर चोवीस खोकी माझ्याबरोबर निघाली. माझ्या आईचं मागचं अंगण रिकामं पडलंय, तिला सोबतही होईल. मग इथे काय वाटेल ते पाळा. मोर पाळा."

असं बोललेलं या अंगणाने कधी ऐकलं नव्हतं. ती स्वतःसुद्धा क्षणभर चकित झाली. मग तिला फार बरं वाटलं, आणि ती एकेक खोकं उघडून कोंबड्या मोजून बाहेर सोडायला लागली. कुणी अडवलं नाही. दहा, वीस, तीस. सातव्या खोक्यात नऊच निघाल्या.

तिने पुन्हा मोजल्या. एकोणसत्तर. शेडमध्ये नजर टाकली, पाण्याच्या टाकीमागे बघितलं, चोवीसही खोक्यांत वाकून बघितलं.

"सतरा कुठाय?"

दिराने सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी दिराकडे.

"सतरा नंबर. मानेवर पिसं नाहीत, डावा पंख किंचित उतरलेला. तीन वर्षांची. सतरा कुठाय?"

सतराची गोष्ट वेगळी होती. ती यांतल्या कितीजणींची आई, कितीजणींची आजी. तिसऱ्या वर्षी कोंबड्या ढेपाळतात. ही पासष्ट ग्रॅमचं अंडं देत होती, कवच असं टणक की सासरे ते फोडायला चमच्याऐवजी पटाशीचा दांडा घ्यायचे. सकाळी उकडलेलं अंडं समोर आलं की ते आधी नंबर बघायचे. सतरा नसेल तर ताटली सरकवून द्यायचे आणि म्हणायचे, हे धाकट्याला द्या.

"सल्लागार जेवायला होते काल दुपारी," दीर म्हणाला. आवाज खाली गेला होता. "घरात काही नव्हतं. ती सगळ्यांत वाईट दिसत होती, वहिनी. मला वाटलं, ही नाहीतरी..."

थोरली खोक्यावर बसली. काही वेळ तिला नुसतं टेम्पोचं इंजिन ऐकू येत राहिलं. कोंबडीवाल्याने ते बंद केलं नव्हतं. आता त्याने जाऊन ते बंद केलं.

"ताई."

स्वयंपाकघराच्या दारात धाकटी उभी होती. ती इतका वेळ तिथेच होती, फक्त कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. धाकटी बोलण्यापेक्षा ऐकणारी. नवऱ्यासमोर तर ती चकार शब्द काढत नसे. तिच्या हातात गव्हाचा डबा होता, झाकण उघडं.

"मी सांगितलं होतं ह्यांना," ती म्हणाली. "चार दिवस मी फळ्या उघडत होते. ती रोज आत असायची. रोज, ताई. मी नंबर लिहिला, वजन केलं, सगळं तुम्ही सांगितलं तसं. ह्यांना म्हटलं, ही नका धरू, ही घालणारी आहे. तर म्हणाले, तुला काय कळतं?"

"अगं, आत्ता हे कशाला?" दीर म्हणाला.

"आत्ताच. काल मी गप्प बसले." धाकटी पायरी उतरून अंगणात आली. "साफ मीच केली ना तिला. पोट उघडलं तर आत बलकांची माळ. एक लिंबाएवढा, मग त्याहून लहान, मग बोराएवढा, मग वाटाण्याएवढा, अशी पार मोहरीपर्यंत. उद्याचं, परवाचं, तेरवाचं. सगळं रांगेत लावून ठेवलं होतं तिने. मी सातपर्यंत मोजले आणि मग मला मोजवेना. तुम्ही बाहेर सल्लागारांना म्हणत होता, संपलेली कोंबडी. संपलेली! आणि हे अगदी तोंडाशी होतं. तासाभरात घातलं असतं."

तिने गव्हात हात घातला आणि एक अंडं बाहेर काढलं. तपकिरी, पुरं, कवचासकट. त्यावर नंबर नव्हता, कारण ते कुठल्या खोक्यात घातलं गेलंच नव्हतं.

सासरे जागचे हलले नाहीत. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी दोनदा वाढून घेतलं."

म्हाताऱ्याचा चेहरा पाहवत नव्हता, पण थोरलीने नजर हटवली नाही. आज कुणाला सांभाळून घ्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, अगदी बाबांनासुद्धा. तिने पिशवीतल्या पाकिटातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि धाकटीसमोर धरला.

"लिही."

धाकटीने अंड्यावर सतरा लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

"कोपऱ्यात वेगळी ठेवलेली ती काळी अंड्यांवर खुडूक बसलीय ना? तिच्याखाली ठेव."

"गार अंडं आहे ते," दीर पुटपुटला. हरलेल्या माणसाला शेवटचं काहीतरी म्हणायचं असतं. "कालपासून डब्यात पडलंय. त्यातून काय निघणार?"

"उबवायची अंडी आठवडाभर थांबतात, भाऊजी. हे बहुतेक चौथ्या दिवशी शिकवतात."

धाकटी हसली. नवऱ्यासमोर, तोंड न झाकता, मोठ्याने हसली आणि अंडं दोन्ही हातांत धरून शेडकडे गेली. कोंबडीवाला एव्हाना रिकामी खोकी उचलून तिच्या मागोमाग निघाला होता. देखण्या चाळीस धरायला त्याला कुणाच्या परवानगीची गरज वाटली नाही. कुणाचं चालतं हे त्याने फाटकापासूनच ओळखलं होतं.

थोरली उठून सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"पांढरी नकोत असं कळवायचंय," ती म्हणाली. "भाऊजींनी नाही. हो तुम्ही म्हटलंत, नाहीसुद्धा तुम्हीच म्हणा."

सासऱ्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. चष्मा नव्हता म्हणून दिराने नंबर लावून दिला आणि दोन पावलं मागे सरकला. पलीकडे सल्लागार होता. त्याचा उत्साही आवाज सगळ्या अंगणाला ऐकू आला. जेवण फारच सुंदर होतं, तो म्हणाला, कोंबडी जरा चिवट होती, पण चव वेगळीच.

"पिल्लं पाठवू नका," सासरे म्हणाले.

पलीकडून बरंच बोलणं झालं. ऑर्डर गेली आहे, गाडी ठरली आहे, असं काय काय. सासरे ऐकत राहिले.

"नाही, विचार बदलला असं नाही," ते अखेर म्हणाले. "विचार आम्ही केलाच नव्हता. हो, माझंच चुकलं. का ते मला नीट सांगता यायचं नाही. माझ्या सुनेशी बोला. कोंबड्या तिच्या आहेत."

त्यांनी फोन पुढे केला. थोरलीने हात पदराला पुसले, फोन घेतला, कानाला लावला. अकरा वर्षांत कुणी या कोंबड्यांबद्दल बोलायला तिच्या हाती फोन दिला नव्हता.

"नमस्कार," ती म्हणाली. "काल तुम्ही जेवलात ती रोज पासष्ट ग्रॅमचं अंडं द्यायची. तुमच्याकडे तशी एखादी असेल तर घेऊन या, काट्यावर ठेवू. नसेल तर येऊ नका."